वजन उतरलं, परत चढलं: जंतू, जनुकं की ताट?

रंकाळाफेरी (सोमवार, रात्री १०:४२)

मंडळी, लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

वय ४४, उंची पाच फूट सात. शिरोली एमआयडीसीत सुपरवायझर आहे, म्हणजे दिवसभर उभा असतो पण घाम मशीनचा निघतो, माझा नाही. गेल्या दिवाळीला काटा ९२ वर गेला. ऑनलाइन एक प्लॅन घेतला, नाव सांगत नाही, उगाच भांडण नको. भाकरी बंद, भात बंद, उसळी बंद, आमटीसुद्धा बंद. सकाळी अंडी, दुपारी चिकन, रात्री पनीर, मधे काकडी. पाच महिन्यांत ७८. पट्ट्याला घरीच खिळा तापवून तीन नवी भोकं पाडली. बायको म्हणाली, पँटी एवढ्यात अल्टर करू नका. तेवढं ऐकलं ते बरं झालं.

प्लॅन संपला. भाकरी परत चालू केली तर आठवडाभर पोट डफासारखं. मटकीची उसळ खाल्ली की रात्री घरच्यांची माफी मागायची वेळ. आणि वजन? आज सकाळी ८७. शप्पथ सांगतो, पूर्वीपेक्षा कमीच खातोय.

परवा एक लॅबवाला कंपनीत येऊन गेला. म्हणे तुमच्या पोटात जाडीचे बॅक्टेरिया झालेत, शिवाय जनुकं बघायला लागतील. दोन्ही टेस्ट मिळून चौदा हजार, तेही ऑफरमध्ये. हे खरं आहे की पैसे काढायची नवी टूम? कुणाला नीट माहीत असेल त्यानं सांगा. "व्यायाम कर" हे सगळ्यांनी सांगून झालंय, धन्यवाद.

लाल माती (सोमवार, रात्री ११:०५)

व्यायाम कर मर्दा.

बरं, चेष्टा सोड. मी आठ वर्षं तालमीत होतो. रोज दोन लिटर म्हशीचं दूध, थंडाई, आठवड्यातनं चार दिवस मटण. वजन ८२ आन् पोट सपाट. गुडघा गेला, कुस्ती सुटली, खुराक न्हाई सुटला. तीन वर्षांत ११०. जंतू तेच आन् आईबापाची जनुकं बी तीच. मग जंतूंच्या नावानं कशाला बिल फाडायचं?

पन एक हाय. पुढं खुराक निम्म्यावर आणला तरी काटा हालंना. ते का, कुणी सांगत असंल तर मलाबी पायजे.

पेट्रीडिश (मंगळवार, सकाळी ७:२०)

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही, हे आधी सांगते. तुमच्या लॅबवाल्यानं खऱ्या गोष्टीचं शेपूट धरून खोटा हत्ती उभा केलाय.

खरी गोष्ट अशी. २००४ साली अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांच्या गटानं एक प्रयोग केला. जन्मापासून पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांना साध्या उंदरांच्या आतड्यातले जीवाणू दिले. चौदा दिवसांत त्यांच्या अंगावरची चरबी सुमारे ६० टक्के वाढली, आणि खाणं उलट कमी झालं होतं. एक कारण सरळ आहे. आपल्याला न पचणारा चोथा जीवाणू फोडतात आणि त्यातली ऊर्जा आपल्या पदरात टाकतात. दुसरं कारण जास्त मजेशीर. आतड्याच्या अस्तरातलं एक जनुक एक प्रथिन बनवतं, ते रक्तातली चरबी पेशीत साठवणाऱ्या विकराला (एन्झाइमला) लगाम घालतं. जीवाणू आल्यावर ते जनुक दबलं आणि लगाम सुटला.

जनुक बदललं नाही, हे लक्षात घ्या. आपल्याकडे पाण्याचं कसं असतं? पाइपलाइन तीच, पण चावीवाला कुठली चावी किती फिरवतो त्यावर तुमच्या नळाला धार लागते की नुसती हवा येते. लाल माती, "आईबापाची जनुकं तीच" हे तुमचं बरोबर आहे, पण चावी कुणाच्या हातात होती ते बघायला हवं. कुस्ती सुटल्यावर ती वेगळीच फिरली.

आता रंकाळाफेरी यांच्या ताटाकडे येते. मोठ्या आतड्यातल्या जीवाणूंना धान्य, कडधान्य, भाज्या यांतला चोथा लागतो. तो आंबवून ते तीन छोटी आम्लं बनवतात: ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन म्हणजे हे ब्युटिरेट. आपला डीएनए ज्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो ती रिळं घट्ट आवळणाऱ्या विकरांनाही ते अडवतं, म्हणजे त्याचाही हात चावीवर असतो. तुम्ही भाकरी, आमटी, उसळ एकदम बंद केलीत. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनच्या रॉवेट संस्थेनं २००७ साली जाड माणसांना कर्बोदकं उतरत्या प्रमाणात देऊन पाहिली. जसजशी कर्बोदकं कमी, तसतसं ब्युटिरेट आणि ते बनवणारे जीवाणू कमी. पाच महिने तुम्ही त्यांना उपाशी ठेवलंत, मग एक दिवस मटकीचं वाडगं पुढे केलंत. जीवाणूंचं मंडळ नव्यानं भरती झालेलं, पोट डफ होणारच.

पेठेतली सून (मंगळवार, सकाळी ९:५०)

मॅडम, छान सांगितलंत. पण वजन परत का चढतं? माझं दुसऱ्या बाळंतपणानंतर दोनदा उतरून दोनदा चढलं. सासूबाई म्हणतात, तुझी हाडं ओळखतात जुनं वजन.

पेट्रीडिश (मंगळवार, दुपारी १:१५)

सासूबाईंना सांगा, हाडं नाही, चरबी ओळखते. बाकी वाक्य बरोबर आहे.

झुरिकच्या ईटीएच संस्थेतल्या गटानं २०२४ साली हे दाखवलं. वजन कमी करायची शस्त्रक्रिया झालेल्या लोकांच्या चरबीच्या पेशी शस्त्रक्रियेआधी आणि वजन बरंच उतरल्यावर अशा दोनदा तपासल्या. वजन गेलं तरी काही जनुकांची चावी जाडीच्या काळात होती तिथंच अडकलेली. उंदरांमध्ये पुढचंही पाहिलं. डीएनए ज्या रिळांवर असतो त्यांवरच्या रासायनिक खुणा तशाच होत्या, आणि असे बारीक झालेले उंदीर तुपकट खाण्यावर ठेवले की मूळच्या बारीक उंदरांपेक्षा लवकर फुगले.

जंतूंकडूनही असंच आहे. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या एरान एलिनाव आणि एरान सेगल यांच्या गटानं २०१६ मध्ये उंदीर जाड केले, बारीक केले, परत जाड केले. बारीक झाल्यावर साखर, इन्शुलिन सगळं जागेवर आलं, आतड्यातले जीवाणू मात्र जाडीच्याच थाटात राहिले. हे जीवाणू खाण्यातली दोन वनस्पतिजन्य द्रव्यं, एपिजेनिन आणि नॅरिंजेनिन, जास्त फस्त करत होते. ती कमी पडली की चरबी जाळून उष्णता देणारं यूसीपी-१ हे जनुक मंदावतं. ती द्रव्यं वरून दिल्यावर वजन परत चढणं कमी झालं. उंदरांत, हं! यावरून कुणी मोसंबीच्या रसाची गाडी लावू नये.

लाल माती (मंगळवार, दुपारी १:३०)

म्हंजे माझं शरीर अजून कुस्तीच्या खुराकाची वाट बघालंय. डोळ्यात पाणी आलं मॅडम.

शंकासूर पुणेकर (मंगळवार, सायंकाळी ६:०२)

दोन शंका, एक माहिती.

पहिली शंका धागाकर्त्यांना. "शप्पथ कमीच खातोय" हे लिहून ठेवलं आहे का? १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी "कितीही कमी खाल्लं तरी वजन हलत नाही" म्हणणाऱ्या दहा जणांचं खाणं शास्त्रीय पद्धतीनं मोजलं. ही मंडळी खाणं सरासरी ४७ टक्क्यांनी कमी आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त सांगत होती. लबाड नव्हती, त्यांना खरंच तसं वाटत होतं.

दुसरी शंका जनुकं बघून डाएट ठरवणाऱ्या टेस्टबद्दल. स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी २०१८ साली ६०९ माणसांवर वर्षभर चाचणी केली. निम्म्यांना कमी चरबी, निम्म्यांना कमी कर्बोदकं. सरासरी ५.३ आणि ६ किलो उतरले, म्हणण्यासारखा फरक नाही. ज्या जनुकप्रकारांवरून "तुम्हाला अमुक डाएट मानवेल" असं सांगतात, त्यांचा निकालाशी काही संबंध लागला नाही. काही जण पंचवीसएक किलो उतरले, काहींचं वाढलं, दोन्ही गटांत.

आता माहिती. आमच्या पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा २००४ सालचा जोडफोटो प्रसिद्ध आहे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. अशा फरकामुळे आपल्याकडे २३ पासूनच जास्त वजन आणि २५ ला लठ्ठपणा धरतात. धागाकर्ते ७८ किलोवर होते तेव्हाही २७ वर होते. काट्यापेक्षा कमरेला टेप लावा, पुरुषांना ९० सेंटिमीटरची हद्द आहे.

रंकाळाफेरी (मंगळवार, रात्री ९:१२)

पुणेकर, टेप लावली. आकडा सांगत नाही.

लाल माती (मंगळवार, रात्री ९:१५)

टेप पुरली व्हय?

ऊसतोड सुट्टी (मंगळवार, रात्री १०:३०)

मी ती पोटातल्या जंतूंची टेस्ट केलीय. माझे पैसे गेले, तुमचे वाचवतो.

कुरिअरनं डबा आला. आत हातमोजे, कागदाची एक पिशवी कमोडवर पसरायला, चमचा जोडलेली छोटी डबी. आमच्याकडं भारतीय पद्धतीचा संडास. ती कागदी पिशवी कुठं पसरायची यावर मी अर्धा तास विचार केला. शेवटी आईला कळलंच. तिनं तो डबा बघितला आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

महिन्यानं ४० पानांचा रंगीत रिपोर्ट आला. लाल, पिवळं, हिरवं. म्हणे तुमच्यात एक जात लई जास्त आहे, 'असंतुलन'. उपाय: केल नावाची परदेशी पालेभाजी, ब्लूबेरी, अ‍ॅव्होकॅडो. कपिलतीर्थ मंडईत आमच्या नेहमीच्या मावशींना विचारलं, केल आहे का? त्या म्हणाल्या, "केळं व्हय? पलीकडच्या गाड्यावर."

पेट्रीडिश (बुधवार, सकाळी ७:०५)

ती जास्त असलेली जात प्रीव्होटेला होती का? तसं असेल तर हसू की रडू असं झालंय. धान्य-कडधान्य खाणाऱ्या भारतीय पोटात प्रीव्होटेला भरपूर सापडते, ती आपली नेहमीची गिऱ्हाईक. रिपोर्ट कुणाच्या पोटांशी ताडून दिलाय हे कंपनीला विचारा. मांस-चीज खाणाऱ्यांशी ताडला तर अख्खं कोल्हापूर 'असंतुलित' निघेल.

शिवाय नमुना हा एका दिवसाचा फोटो असतो. २०१४ सालच्या एका प्रयोगात दहा जणांना एकदा पाच दिवस निव्वळ प्राणिजन्य, एकदा पाच दिवस निव्वळ वनस्पतिजन्य जेवण दिलं. तेवढ्यात जीवाणूंचं चित्र आणि त्यांच्यातली कुठली जनुकं चालू-बंद आहेत तेही बदललं. जत्रेतल्या मटणानंतर डबी भरा आणि श्रावण संपताना भरा, दोन वेगळे रिपोर्ट येतील.

'जाडीचे बॅक्टेरिया' हे २००६ च्या सुमाराचं जुनं खूळ आहे. जीवाणूंच्या दोन मोठ्या गटांपैकी फर्मिक्युटिस जास्त, बॅक्टेरॉइडिटिस कमी की माणूस जाड, असं तेव्हा वाटलं होतं. पुढे २०१६ मध्ये दहा अभ्यासांची आकडेवारी एकत्र चाळली तर संबंध इतका फिका की त्यावरून कोण जाड, कोण बारीक हे धड ओळखता येईना.

ऊसतोड सुट्टी (बुधवार, सकाळी ७:४०)

प्रीव्होटेलाच! मॅडम, तुम्ही ज्योतिष बघता का?

गंगावेशीतल्या काकू (बुधवार, दुपारी ३:२०)

मला तुमचं इंग्रजी नावांचं काही कळत नाही, पण ते पोट फुगायचं सांगते. रंकाळाफेरी, बाळा, एकदम वाडगाभर मटकी खाऊ नये. पहिला आठवडा मुगाची आमटी, पातळ. मग मोड आलेले मूग दोन डाव. मटकी, वाटाणा, चवळी शेवटी. मोड चांगले बोटाच्या पेराएवढे येऊ द्यावेत आणि शिजवताना आलं, हिंग, ओवा विसरू नये.

आणि आंबील प्या. ओढ्यावरच्या रेणुकेच्या आंबील यात्रेला वर्षातनं एकदा प्यायची आणि मग विसरायची, असं झालंय सगळ्यांचं. मी रात्री दोन डाव ज्वारीचं पीठ आंबट ताकात कालवून झाकून ठेवते. सकाळी वरती बारीक बुडबुडे आलेले असतात आणि आंबूस वास येतो. पाणी उकळून त्यात ते ओतायचं, एकसारखं हलवायचं, नाहीतर गुठळ्या. जिरं, ठेचलेला लसूण, मीठ.

पेट्रीडिश (बुधवार, सायंकाळी ५:४५)

काकू, अप्रतिम. एवढंच की उकळल्यावर त्यातले जिवंत जीवाणू संपतात. आंबील कोमट झाल्यावर वरून अर्धी वाटी ताजं ताक घातलं तर दोन्ही मिळेल.

स्टॅनफर्डमध्येच २०२१ साली ३६ जणांवर दहा आठवडे एक तुलना झाली. एका गटाला दही, केफिर, किमची असले आंबवलेले पदार्थ, दुसऱ्याला भरपूर चोथा. आंबवलेलं खाणाऱ्यांच्या पोटात जीवाणूंच्या जाती वाढल्या आणि रक्तातली दाह दाखवणारी १९ प्रथिनं कमी झाली. चोथ्याच्या गटात जाती तेवढ्या काळात वाढल्या नाहीत. ज्यांच्या पोटात मुळात विविधता कमी, त्यांना नुसत्या चोथ्यानं दाहाच्या बाबतीतही लाभ दिसला नाही. म्हणजे मजूर आधी आणायचे, मग माल उतरवायचा. काकूंच्या आंबिलीत दोन्ही एका भांड्यात आहे.

गंगावेशीतल्या काकू (बुधवार, सायंकाळी ६:१०)

ताक वरून घालतातच की. लिहायचं राहिलं.

पेठेतली सून (बुधवार, रात्री ९:३०)

मग गहू बंद करून ज्वारीच खायची का? सगळे सांगतात चपातीनं वजन वाढतं.

शंकासूर पुणेकर (बुधवार, रात्री १०:००)

राष्ट्रीय पोषण संस्थेचे तक्ते उघडून बघा. ज्वारी आणि चाळणीनं न चाळलेली कणीक, दोन्हीत १०० ग्रॅममागे १० ते ११ ग्रॅम तंतू, म्हणजे मॅडमचा चोथा. पांढऱ्या तांदळात तीनच्या आत. भांडण लावायचंच तर भाताशी किंवा मैद्याशी लावा. मिसळीबरोबर तुमच्याकडे तो पांढरा स्लाइस ब्रेड देतात, त्याच्याशीही चालेल.

लाल माती (बुधवार, रात्री १०:०४)

मिसळीचं नाव काढू नका पुणेकर. धागा पेटंल.

ऊसतोड सुट्टी (बुधवार, रात्री १०:२०)

आणि ते वजन उतरवायला आठवड्याला एक इंजेक्शन घेतात ते? आमच्या साहेबांनी चालू केलंय.

पेट्रीडिश (गुरुवार, सकाळी ७:१०)

ते डॉक्टरांचं काम, माझं नाही. एवढं सांगते: जेवल्यावर आतड्याच्या पेशी जीएलपी-१ नावाचं तृप्तीचं संप्रेरक सोडतात, त्याचीच नक्कल ते औषध करतं. चोथ्यापासून बनणारी ती छोटी आम्लंही त्या पेशींना ढोसतात, पण औषधाचा जोर कितीतरी पट जास्त असतो. सेमाग्लुटाइड या अशाच एका औषधाच्या मोठ्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. चावी सोडली की नळ परत जुन्या धारेवर. साहेबांनी मनानं बंद करू नये एवढं सांगा.

रंकाळाफेरी (अडीच महिन्यांनंतर, रविवार, सकाळी ८:३५)

धागा वर काढतोय.

टेस्ट केली नाही. चौदा हजारांतले साडेतीनशे खर्च करून स्वयंपाकघरातला वजनकाटा घेतला, आणि पुणेकरांच्या टोमण्यामुळं वही केली. पहिल्या आठवड्याची वही इथं टाकायची लाज वाटते. जेवण खरंच कमी होतं, त्यात खोटं नव्हतं. पण कंपनीत चहा सात वेळा, प्रत्येकी दोन चमचे साखर. मुलीच्या ताटातलं उरलेलं मी संपवत होतो, ते मी 'खाणं' धरतच नव्हतो. गुऱ्हाळावर मित्राकडं गेलो त्या दिवशी काकवी किती झाली ते वहीत 'थोडी' असं लिहिलंय. बायकोनं शेजारी लाल पेनानं 'थोडी?' लिहिलं.

आता चहा तीन, एक चमचा. काकूंच्या क्रमानं मूग, मग मटकी, सहा आठवडे लागले. पोट आता गप्प असतं. दोन्ही वेळा भाकरी, रात्री एकच. चिकन, अंडी ठेवलीत, फक्त शेजारी उसळ आली. संध्याकाळी रंकाळ्याला एक पूर्ण फेरी. आज काटा ८४.२. पाच महिन्यांत १४ किलो उतरवलेल्या माणसाला हे गोगलगायीसारखं वाटतं. मागच्या वेळी मात्र रोज रात्री अकराला फ्रिज उघडून उभा असायचो, तसं या वेळी होत नाही. पट्टा एक भोक आत.

लाल माती, येताय का फेरीला? गुडघ्याला झेपेल एवढंच.

काकू, एक अडचण. थंडी पडल्यापासून आंबिलीचं पीठ आंबतच नाही. सकाळी बघावं तर तसंच, बुडबुडा नाही, वास नाही. काल पिठाचं पातळ पिठलंच झालं.

लाल माती (रविवार, सकाळी ८:५०)

उद्या सहाला. टॉवरपाशी.

गंगावेशीतल्या काकू (रविवार, सकाळी ११:१५)

थंडीत रात्री नको, दुपारी चारलाच भिजव. आधीच्या दिवसाचं आंबलेलं चमचाभर बाजूला काढून ठेव, ते विरजणासारखं घाल. आणि भांडं स्टीलचं असेल तर फडक्यात गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेव.